स्वेटर जरा उलटा करून बघा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे पारंपरिक विणकामाच्या नव्या डिझाइन्सवर लेख आला होता, पूर्ण पानभर, मोठमोठे रंगीत फोटो, आणि खरं सांगते मला आधी आनंदच झाला, कारण विणकामाला पेपरात पानभर जागा म्हणजे क्वचितच, नाहीतर आम्ही आपले कोपऱ्यात चार ओळीत. पण लेख वाचला, मग पुन्हा वाचला, मग भिंग शोधलं, आणि मग हे पत्र लिहायला बसले. पेपरला पहिल्यांदाच लिहितेय त्यामुळे लांबलं तर खुशाल कात्री लावा, कात्रीबद्दल पुढे लिहिलंच आहे मी.

लेखात पाच स्वेटर होते आणि पाचही समोरून. एकाचाही आतला भाग नाही, खांदा कसा जोडलाय ते नाही. सगळा भर नक्षीवर. आठ पाकळ्यांची चांदणी आहे म्हणजे पारंपरिक, दोरीसारखे पीळ आहेत म्हणजे पारंपरिक, आणि शेवटी एका छोट्या फोटोत जो साधा करडा स्वेटर होता तो 'मॉडर्न आणि मिनिमल'. आता गंमत ऐका. त्या चांदणीवाल्या स्वेटरच्या बाहीच्या शिवणीपाशी अर्धी चांदणी कापली गेलेली होती, आणि भिंगातून बघितलं तर टाके दिसतच नव्हते, तो विणलेला नव्हताच मुळी, कापडावर छापलेली नक्षी होती ती! आणि तो करडा? त्यातल्या मुलीने केस सावरायला हात वर केलाय म्हणून काखेतला चौकोनी तुकडा दिसला, मग बाही बघितली तर बाहीवरचे टाके उलटे. म्हणजे असं बघा, सुलट टाका दिसायला छोट्या व्हीसारखा असतो, या स्वेटरच्या अंगावर व्ही सरळ होते आणि बाहीवर उलटे, याचा अर्थ अंग खालून वर विणलंय आणि बाही खांद्यापासून मनगटाकडे. ही सरळ सरळ जुन्या मच्छिमारी स्वेटरची बांधणी आहे. अख्ख्या पानावर सगळ्यात पारंपरिक कपडा तोच होता आणि त्यालाच तुमच्या लेखात मॉडर्नच्या खात्यात टाकलं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की विणकामातली परंपरा बघायची तर कपडा उलटा करून बघायला पाहिजे. सुरुवात कुठून केली, कुठे जोडलं, काखेत काय केलं, न वापरलेला धागा मागून कसा नेला, हे. नक्षी काय, आलेखाच्या कागदावर कोणीही उतरवून घेतं.

त्या मच्छिमारी स्वेटरचं जरा सविस्तर सांगते कारण त्यात शिकण्यासारखं इतकं आहे की मी कितीही वेळ बोलू शकते (घरचे उठून जातात). याला गॅन्सी म्हणतात, ब्रिटनच्या किनाऱ्यावरचे मच्छिमार घालायचे. पाच पदरी, घट्ट पिळाची लोकर, बहुतेक गडद निळी, बारीक पोलादी सुया, आणि टाके इतके गच्च की वारा आत येऊ नये. खालपासून काखेपर्यंत नळीसारखा गोल विणायचा, बाजूला शिवण नाहीच. काखेशी आलं की दोन्ही बाजूला टाके वाढवत वाढवत एक चौकोन करायचा, तो तिरका बसतो, शंकरपाळ्याच्या आकाराचा, अर्धा अंगाच्या बाजूला आणि अर्धा बाहीच्या बाजूला. तो कशासाठी, तर जाळं ओढायला हात वर गेला की स्वेटर कमरेवरून वर सरकू नये म्हणून. पुढचा भाग आणि मागचा भाग अगदी सारखा, म्हणजे कोपर आणि पोट एकाच जागी झिजायला लागलं की उलटा फिरवून घाला. नक्षी बहुतेक छातीवरच आणि तीसुद्धा बरीचशी उलट सुलट टाक्यांची (उलट टाका म्हणजे सुलट टाक्याची मागची बाजू समोर आलेली), त्याने कापड जाड होतं, छातीला ऊब मिळते, आणि खाली जिथे घासतं तिथे साधं. आणि बाह्या वरून खाली का? कारण मनगट आधी फाटतं. वरून विणत आणलेली बाही खालून उसवता येते, फाटलेला भाग काढून टाकायचा, टाके सुईवर घ्यायचे, नव्या लोकरीने पुन्हा मनगटापर्यंत यायचं. खालून वर विणलेली बाही अशी सरळ उसवत नाही, करून बघा म्हणजे कळेल.

आता सांगा, यात नक्षी किती आणि डोकं किती. प्रत्येक गोष्टीला कारण आहे. आजच्या डिझायनर लोकांनी यातलं नेमकं तेच उचललंय. निळा रंग सोडला, पोलादी गच्चपणा सोडला, पातळ मेरिनो किंवा कॉटन-लिननचा धागा घेतला, अंगाला सैल केलं, पण काखेतला चौकोन ठेवला आणि बाही वरून खाली ठेवली. घालून बघता येतं ना मधेच! बाही किती लांब हवी ते अंगावर घालूनच ठरवायचं, मोजमाप चुकलं म्हणून रडायचं काम नाही. ज्या बायकांना तयार कपड्यांच्या साइझमधे कधी धड बसतच नाही (हात वर) त्यांच्यासाठी तर हे वरदान आहे.

आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणींना आयांनी शिकवलं ते वेगळं होतं. पाठ वेगळी, पुढचे दोन भाग वेगळे, बाह्या वेगळ्या, आणि सगळं शेवटी सुईदोऱ्याने जोडायचं. मी पण तसंच शिकले आणि वर्षानुवर्षं जोडायचे राहिलेले पाच तुकडे पिशवीत घालून ठेवायची, विणायला मजा यायची आणि जोडायला जिवावर यायचं. म्हणून गोल विणायची जुनी पद्धत पुन्हा लोकांसमोर आणणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांचं नाव तुमच्या लेखात नव्हतं याचं मला वाईट वाटलं. १९१० साली इंग्लंडमधे जन्मल्या, नंतर अमेरिकेत गेल्या, १९९९ मधे वारल्या. त्यांनी काय केलं तर आकड्यांचं गणित इतकं सोपं करून ठेवलं की पॅटर्नची गरजच राहू नये. छातीच्या घेराला जेवढे टाके लागतात ते शंभर टक्के धरायचे. मनगटाला त्याचे वीस टक्के, दंडाला तेहतीस, काखेत आठ, गळ्याला चाळीस. म्हणजे तुमच्या लोकरीचे एका इंचात ५ टाके बसतात आणि छातीचा घेर ४० इंच हवा, तर २०० टाके. मनगटाला ४०, दंडाला ६६, काखेत १६, गळ्याला ८०. संपलं. कुठल्याही लोकरीला, कुठल्याही अंगाला. आणि त्या 'मी हे शोधून काढलं' असं म्हणायच्याच नाहीत, त्यांनी त्यासाठी एक गमतीचा शब्द केला होता, अनव्हेंट, म्हणजे शोध नाही लावला, जुनं कुठेतरी असणारच ते पुन्हा हाताला लागलं. आजकाल जो तो स्वतःच्या नावाने टेक्निक खपवतो त्यांनी हा शब्द सुईला बांधून ठेवावा.

त्यांची गोल शालही अशीच. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली की परीघ दुप्पट होतो हे शाळेत शिकलो होतो, पुढे त्याचं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. त्यांनी टाके तसेच वाढवले, ९ चे १८, मग ३६, मग ७२, १४४, दर वेळी आधीच्यापेक्षा दुप्पट ओळी विणून झाल्या की एकाच ओळीत टाके दुप्पट, मधल्या ओळींत वाढवाय घटवायचं काही नाही. त्या मोकळ्या ओळींत तुम्हाला हवी ती जाळी घाला. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, त्यातल्या उन्स्ट बेटावरच्या बायका अंगठीतून आरपार जाईल इतकी तलम शाल विणायच्या, त्यातली जाळी घाला, नाहीतर एस्टोनियातल्या हापसालूच्या शालीतले नुप घाला, नुप म्हणजे एकाच टाक्यात पाच किंवा सात किंवा नऊ फेरे घ्यायचे आणि पुढच्या ओळीत सगळे एकत्र विणायचे, छोटं टपोरं बोंड तयार होतं. सैल फेरे घेतले नाहीत तर सुई आत जात नाही आणि तोंडातून नको ते शब्द येतात, हे अनुभवाचे बोल.

आता कात्री.

फेअर आयल हे लोकांना नक्षीचं नाव वाटतं, तुमच्या लेखातही तसंच वापरलंय, पण ते एका छोट्याशा बेटाचं नाव आहे, शेटलंड आणि ऑर्कनीच्या मधे समुद्रात. १९२० च्या दशकात इंग्लंडचा युवराज एडवर्ड गोल्फ खेळताना तिथला रंगीत नक्षीचा स्वेटर घालायला लागला आणि एकदम फॅशन झाली. तिथे, म्हणजे सगळ्या शेटलंडमधे आणि नॉर्वेतसुद्धा, पुढून उघडं कार्डिगन हवं असलं तरी विणतात नळीसारखं गोलच, कारण गोल विणताना कायम सुलट बाजू समोर असते, नक्षी डोळ्यांना दिसत राहते, उलट ओळ विणायलाच लागत नाही. मग जिथे उघडायचं तिथे सहा-आठ टाके जास्तीचे घालतात, त्याला स्टीक म्हणतात, आणि सगळं विणून झालं की त्या जास्तीच्या टाक्यांच्या मधोमध सरळ वरपासून खालपर्यंत कात्री चालवायची. हो, स्वतः विणलेल्या स्वेटरवर. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

आणि केलं पण. चार महिने विणलेला स्वेटर होता, तीन रंग, घरात होती ती लोकर, म्हणजे लोकर कसली, ॲक्रिलिक. धडधडत्या छातीने कात्री लावली, पहिली पाच-सहा इंच काही झालं नाही, मी मनात म्हटलं उगाच घाबरत होते, आणि मग स्वेटर उचलला तर कडेचे टाके एकेक करून बाजूला सरकायला लागले, मी इकडे धरते तर तिकडे सुटतात. ओरडले सुद्धा असेन. रात्रभर बसून कडा शिवत होते तरी नाही वाचला, त्याची शेवटी उशी झाली, आणि ती उशी अजून आहे, पाहुणे म्हणतात वा काय सुंदर उशी.

नंतर कळलं की चूक कात्रीची नव्हती, धाग्याची होती. विणलेला टाका गळला तर वरून खाली शिडीसारखा सुटत जातो, आडवा सहजासहजी सुटत नाही. उभी कात्री मारली की कापलेली टोकं आडवी असतात, त्यांना सुटायचं तर बाजूला सरकावं लागतं, आणि शेटलंडची लोकर इतकी केसाळ, एकमेकींना चिकटून बसणारी की ती सरकतच नाही, धुतल्यावर आणि वापरल्यावर तर आणखी घट्ट बसते. ॲक्रिलिक गुळगुळीत, ते कशाला धरून ठेवेल. नॉर्वेत कापायच्या आधी दोन्ही बाजूंनी मशीनची शिवण मारतात, ती मारली असती तरी बहुतेक वाचले असते. म्हणजे बघा, तंत्र धाग्यात राहतं, मेंढीत राहतं. नुसती आकृती उचलली आणि धागा वाटेल तो घेतला की उशी होते. दुसरा केला खऱ्या लोकरीचा, कापला, आणि कडा जिथल्या तिथे, मी बघतच राहिले दहा मिनिटं.

हल्लीच्या नव्या डिझाइन्समधे स्टीकचा वापर फार मजेदार होतोय, नुसतं कार्डिगन नाही, खिशाची फट कापतात, गोल विणलेली नळी कापून सपाट शाल करतात, आणि काही जण आत कापलेली कड लपवत पण नाहीत, तिच्यावर रंगीत फीत लावून मिरवतात. मला ते आवडतं.

फेअर आयलचा दुसरा नियम म्हणजे एका ओळीत दोनच रंग. बघणाऱ्याला वाटतं दहा रंग आहेत, असतातही, पण कुठल्याही एका ओळीत दोनच, एक डाव्या हातात एक उजव्या, आणि जो वापरात नाही तो मागून आडवा जातो. म्हणून कापड दुहेरी होतं, म्हणून ऊबदार. आणि म्हणूनच जुन्या नक्षीत एका रंगाचे सलग टाके फार नसतात, चार, पाच, सहा, कारण त्याहून लांब धागा मागे लोंबायला लागला की घालताना बोटं अडकतात, अंगठी अडकली की तर विचारू नका. नक्षी बारीक बारीक दिसते ती कोणाला बारीक आवडायची म्हणून नव्हे, बोटं अडकू नयेत म्हणून, हे मला वाटतं लेखात यायला हवं होतं. नवे डिझायनर मोठ्या नक्षी करतात, एखादं मोठं पान, पक्षी, पण त्यातले जे जाणकार असतात ते मागचा लांब धागा मधे मधे अडकवत जातात किंवा मोठ्या आकारात मुद्दाम एखाददुसरा ठिपका टाकतात. ठिपका दिसायला छान दिसतो, काम मागे करतो. काही जण दोन रंगांपैकी एक धागा असा घेतात की तो स्वतःच हळूहळू रंग बदलतो, निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा, म्हणजे नियम तोच दोन धाग्यांचा आणि रंग मात्र पहाटेच्या आकाशासारखे बदलत जातात. ही मला नव्या लोकांची सगळ्यात हुशार युक्ती वाटते.

नियम मोडणारेही हवेतच, आणि ते पण जाणून मोडणारे. स्वीडनमधे बोहुसलान भागात दगडखाणींची कामं बंद पडली, तिथल्या कामगारांच्या बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून १९३९ मधे एम्मा याकोबसोन यांनी बोहुस स्टिकनिंग नावाचं विणकामाचं केंद्र सुरू केलं, ते १९६९ पर्यंत चाललं. त्यांनी काय केलं, तर रंगीत नक्षीत जिथे सगळे टाके सुलटच असतात तिथे मधे मधे उलटे टाके घातले. एवढंच! पण उलटा टाका घातला की खालच्या ओळीचा रंग वरच्या ओळीत ठिपक्यासारखा डोकावतो, रंगांची सरळ रेघ मोडते, आणि खांद्याभोवतीचं गोल कडं असं दिसतं जणू रंग पाण्यात विरघळलाय. कधी कधी एका ओळीत दोनाहून जास्त रंग पण घ्यायच्या. आज जे गोल खांद्याचे, मण्यांच्या हारासारखे दिसणारे स्वेटर सगळीकडे दिसतात त्यातल्या कितीतरींच्या नक्षीत हे उलटे टाके आहेत. ज्या विणतात त्यांना बहुतेक माहीत पण नसतं की हे खाणकामगारांच्या बायकांकडून आलंय.

पिळांच्या स्वेटरखाली तुम्ही जी ओळ छापलीत, की आयर्लंडमधल्या अरन बेटांवर प्रत्येक घराण्याचा पीळ ठरलेला असायचा, बुडालेल्या मच्छिमाराची त्यावरून ओळख पटावी म्हणून, ती कृपया दुरुस्त करा. ही दंतकथा आहे. तिचं मूळ बहुतेक जे. एम. सिंग यांच्या १९०४ च्या 'रायडर्स टू द सी' या नाटकात आहे, आणि तिथेही स्वेटर नाहीये, मोजा आहे! बहीण भावाचा मोजा ओळखते कारण तो तिने स्वतः विणलेला असतो, किती टाके घातले होते आणि त्यातले किती गाळले होते हे तिला आठवतं. मला विचाराल तर ही गोष्ट घराण्याच्या पिळापेक्षा कितीतरी चांगली आहे आणि खरी वाटते, कारण विणणारीला आपलं विणकाम नक्षीवरून थोडंच ओळखायचं असतं, कुठे चुकलो होतो त्यावरून ती ओळखते. माझ्या एका शालीत एक टाका चुकलाय, कोणाला दिसत नाही, मला अंधारात हाताला लागतो.

आणि जुनं जुनं म्हणतो ते किती जुनं, यावर पण जरा बघायला हवं. ती आठ पाकळ्यांची चांदणी, तिच्यामुळे नॉर्वेचं सेल्बू गाव जगप्रसिद्ध झालं, तिथे १८५७ मधे मारित एम्स्टाड नावाच्या तरुण मुलीने काळ्या-पांढऱ्या लोकरीत ही चांदणी घालून हातमोजे विणले आणि ते घालून ती आणि तिच्या बहिणी चर्चला गेल्या, तिथून गावभर झाले. चांदणी त्याच्या खूप आधीपासून कापडांवर आहेच, पण त्या हातमोज्यांना मुलगी आहे, साल आहे. आइसलंडचा गोल खांद्याचा स्वेटर, लोपापेसा, जो हजार वर्षांपूर्वीचा असेल असं वाटतं, तो विसाव्या शतकाच्या मध्याचा. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरच्या कोस्ट सॅलिश बायका जे कौविचन स्वेटर विणतात ते कसे आले, तर लोकरीचं कातणं-विणणं त्यांचं स्वतःचं आधीपासून होतं, सुयांवरचं विणकाम एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्यांकडून मिळालं, आणि त्यांनी आपली हाताने कातलेली जाड लोकर आणि ती नवी पद्धत मिळून तिसरंच काहीतरी केलं. म्हणजे पारंपरिक म्हणवणाऱ्या गोष्टी पण एकेकाळी कोणाचं तरी नवीन डिझाइनच होत्या. त्यामुळे नव्या लोकांनी हात लावला की परंपरा बिघडते असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही, आमच्या विणणाऱ्यांतही तशा आहेत, त्यांच्याशी माझं नेहमी वाजतं.

पण घेतलं तर सांगा की कुठून घेतलं. २०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिम्पिकच्या वेळी अधिकृत कपड्यांत कौविचनसारखे दिसणारे स्वेटर आले, ते त्या बायकांनी विणलेले नव्हते, लोकांनी आवाज उठवला आणि मग खरे कौविचन स्वेटरही विकायला ठेवायचं ठरलं. लहान डिझायनर लोकांत मात्र मला उलट दिसतं, चांगले पॅटर्न लिहिणारे सुरुवातीलाच पानभर लिहितात की हे तंत्र कुठलं, कोणत्या म्युझियममधे कुठला जुना मोजा बघितला, मी त्यात काय बदललं. असं पान वाचायला मला पॅटर्नपेक्षा जास्त आवडतं. तुमच्या लेखात पाच स्वेटरपैकी एकाचंही असं काही नव्हतं, डिझायनरचं नावसुद्धा दोघांचंच.

अजून एक, लेखात दर दोन ओळींनी 'आजीची कला' असं आलंय. विणकाम बायकांचं आणि तेही म्हाताऱ्या बायकांचं हे कोणी ठरवलं? पेरूमधे टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचं बेट आहे, तिथे पुरुष विणतात, लहानपणापासून, त्यांच्या कानटोप्या बघा, सुया इतक्या बारीक आणि टाके इतके घट्ट की मला लाज वाटली माझ्या टाक्यांची. युनेस्कोने २००५ मधे त्या बेटाच्या कापडकलेची दखल घेतली. आपल्याकडे येणाऱ्या लेखांत पुरुष दिसतो तो स्वेटर घालून उभा असलेला.

मशीनबद्दल लेखात जो नाराजीचा सूर आहे तो मला अर्धाच पटला. जपानच्या शिमा सेकी कंपनीने १९९५ मधे असं मशीन आणलं की अख्खा स्वेटर एकसंध विणून बाहेर येतो, शिवण नाही. ही कंपनी आधी हातमोज्यांची मशीनं करायची. आता हातमोजा उलटा धरून बघा, तीन बोटं सोडून बाकीची विसरा, मधलं बोट म्हणजे अंग आणि बाजूची दोन म्हणजे बाह्या. कुठल्याही हाताने विणणाऱ्या बाईला हे लगेच कळेल, कारण आपण गोल विणताना तेच करतो, तीन नळ्या काखेपाशी जोडतो. म्हणजे मशीननेसुद्धा शेवटी मच्छिमारांच्या बायकांचंच ऐकलं. माझा राग मशीनवर नाही, छापलेल्या चांदणीवर आहे.

वेळ थोडा असलेल्यांसाठी एक पटकन सांगते, जुन्या मोज्याची टाच वळवताना ओळ अर्ध्यातून परत फिरवतात ना, तीच युक्ती घेऊन आजचे डिझायनर मोठमोठ्या शालींत रंगांच्या पाचरी घालतात, मोरपिसासारख्या. ज्याला टाच येते त्याला ती शाल येते. आणि ब्रिओश म्हणजे जी फुगीर, दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी वीण, तिच्यात दोन रंग घेतले की एका बाजूला निळ्यावर पांढरं आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्यावर निळं, त्यात टाके वाढवून घटवून वळणदार पानं काढतात, ते बघायला छान पण चुकलं तर उसवायला महाकठीण, आधीच एक जाड दोरा टाक्यांतून ओवून ठेवा म्हणजे तिथपर्यंतच उसवेल. नवशिक्यांनी एवढं जरी लक्षात ठेवलं तरी रडणं वाचेल.

आता मागणी. एक, अरनची ती ओळ दुरुस्त करा. दोन, पुढच्या वेळी विणकामावर छापाल तेव्हा एक फोटो आतल्या बाजूचा असू द्या, फक्त एक, आणि शक्य तर काखेचा. तीन, फोटोखाली लोकर कोणती आणि एका इंचात किती टाके एवढं लिहा, दोन शब्दांची तर जागा, पण त्याने विणणाऱ्या माणसाला सगळं कळतं, त्या दोन शब्दांशिवाय नुसता फोटो बघून मी काय करू. आणि त्या करड्या स्वेटरचा पॅटर्न कोणाचा आहे ते तुमच्या लेखिकेला विचारून कळवाल का, त्याच्या खांद्यावरची पट्टी मला नीट दिसत नाहीये, ती गळ्याकडून बाहीत तशीच पुढे गेलीय की खांद्यावर बंद करून पुन्हा टाके उचललेत हे काही केल्या समजत नाही. माझा स्वतःचा तसाच एक सुईवर आहे, अंग झालंय, काखेतले चौकोन झालेत, खांद्याशी येऊन थांबलेय.

कळावे,

तुमची एक जुनी वाचक